एक फाइल, दोन नावं: हार्ड लिंक आणि 'लिंक' हा सिस्टीम कॉल



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. युनिक्स किंवा लिनक्सवर फाइल डिलीट करण्यासाठी प्रोग्रामने कर्नलला कोणता सिस्टीम कॉल द्यायचा? बहुतेकांच्या मनात 'डिलीट' किंवा 'रिमूव्ह' असं काहीतरी येईल. खरं उत्तर आहे 'अनलिंक'. म्हणजे 'जोड सोडव'. फाइल पुसायच्या कॉलला असं नाव का दिलं असेल?

कारण कर्नल फाइल थेट पुसतच नाही. तो फाइलचं एक नाव काढतो. नाव काढता येतं, तसंच नाव वाढवताही येतं, आणि ते वाढवणारा कॉल म्हणजे 'लिंक'. हे नीट कळलं की डिस्क भरलेली का दिसते, एका फाइलमधला बदल दुसरीकडे कसा दिसतो आणि ज्याला आपण बॅकअप समजत होतो तो ऐन वेळी का उपयोगी पडत नाही, या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

१) नाव वेगळं, फाइल वेगळी

आपल्याला वाटतं की फाइलचं नाव फाइलवरच कुठेतरी लिहिलेलं असतं, वहीवर लेबल असावं तसं. युनिक्सच्या फाइल सिस्टीममध्ये तसं नाही. तिथे तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. तो डिस्कवरच्या ब्लॉक्समध्ये असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आयनोड. ही त्या फाइलची नोंद. फाइलचा मालक कोण, परवानग्या काय, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर कोणत्या ब्लॉक्समध्ये आहे, हे सगळं आयनोडमध्ये असतं. प्रत्येक आयनोडला एक क्रमांक असतो. यात फाइलचं नाव मात्र नसतं, हे अधोरेखित करून ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे डिरेक्टरी, म्हणजेच आपलं फोल्डर. डिरेक्टरी ही एक यादी आहे. प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्यासमोर एक आयनोड क्रमांक. नाव राहतं ते इथे.

हे पटकन लक्षात यायला सातबारा आठवा. सरकारी दप्तरात जमिनीची ओळख गट क्रमांकाने होते. गावात मात्र त्याच जमिनीला कुणी 'वडाचं शेत' म्हणतं, कुणी 'ओढ्याकडचा तुकडा' म्हणतं. नावं दोन, पण गट क्रमांक एकच आणि जमीनही एकच. आणखी एक नाव पाडलं म्हणून जमीन एका गुंठ्यानेही वाढत नाही. आयनोड क्रमांक म्हणजे गट क्रमांक आणि फाइलचं नाव म्हणजे लोकांच्या तोंडचं नाव, असं समजा.

२) 'लिंक' कॉल नेमकं काय करतो?

सी भाषेत हा कॉल दोन गोष्टी मागतो: आधीपासून असलेलं नाव आणि नवं हवं असलेलं नाव. काम झालं तर ० परत येतो. नाही झालं तर -१ येतो आणि कारण 'एर्नो' या चलात ठेवलं जातं. पायथॉन वापरत असाल तर 'ओएस' मॉड्यूलमध्ये 'लिंक' याच नावाचं फंक्शन आहे. टर्मिनलवर 'एलएन' कमांड आहे.

कर्नलच्या आत क्रमाने असं घडतं:

- जुन्या नावावरून आयनोड शोधला जातो.
- नवं नाव ज्या डिरेक्टरीत हवं, तिथे लिहिण्याची परवानगी आहे का आणि ते नाव आधीच वापरात तर नाही ना, हे तपासलं जातं.
- त्या डिरेक्टरीत एक नवी ओळ लिहिली जाते: नवं नाव आणि तोच जुना आयनोड क्रमांक.
- आयनोडमधली लिंक संख्या एकाने वाढवली जाते.

बस्स, एवढंच. मजकुराला कुणी हातही लावत नाही. म्हणून फाइल ४ केबीची असो नाहीतर ४ जीबीची, हार्ड लिंक क्षणात तयार होते. 'सीपी' कमांडने कॉपी करताना मोठ्या फाइलला वेळ लागतो, इथे लागत नाही.

हा कॉल काही नवा नाही. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे नोव्हेंबर १९७१ मध्ये, 'लिंक' आणि 'अनलिंक' दोन्ही होते. त्यांचे कॉल क्रमांक होते ९ आणि १०. गंमत म्हणजे ३२ बिटच्या इंटेल प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये हे क्रमांक तेच राहिले. ६४ बिटमध्ये मात्र ते ८६ आणि ८७ झाले.

३) स्वतः करून पाहा

टर्मिनल उघडा. कमांडची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, फाइलींची नावं मात्र देवनागरीत चालतात. खाली वाचायच्या सोयीसाठी सगळं देवनागरीत दिलं आहे.

इको "गणित ७८" > गुण
एलएन गुण निकाल
एलएस -एलआय गुण निकाल

शेवटच्या कमांडने आलेल्या ओळींत सुरुवातीला आयनोड क्रमांक दिसेल आणि परवानग्यांच्या पुढे लिंक संख्या. समजा असं आलं:

आयनोड ४१८२०७, लिंक संख्या २, नाव गुण
आयनोड ४१८२०७, लिंक संख्या २, नाव निकाल

तुमच्याकडे क्रमांक वेगळा असेल, पण दोन्ही ओळींत तो सारखाच असायला हवा. आता पुढचं करा.

इको "विज्ञान ८१" >> निकाल
कॅट गुण

आपण भर घातली 'निकाल'मध्ये, आणि 'गुण' उघडलं तरी विज्ञानाचे गुण दिसतात. दोन फाइली 'सिंक' झाल्या असं म्हणू नका. फाइल एकच आहे, आपण तिला दुसऱ्या नावाने हाक मारली. परवानगीचंही तसंच. 'सीएचमॉड'ने एका नावावर परवानगी बदलली की ती दुसऱ्या नावावरही बदललेली दिसते, कारण परवानगी आयनोडमध्ये असते, नावापाशी नसते.

यात 'खरी' फाइल कोणती आणि 'लिंक' कोणती? हा परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न आहे. उत्तर असं की दोन्ही नावं सारख्याच दर्जाची आहेत. आधी कोणतं ठेवलं आणि नंतर कोणतं, याची नोंद कुठेच नसते. आयनोडला आपली नावं किती हे ठाऊक असतं, पण ती कोणती आणि कुठे आहेत हे ठाऊक नसतं. म्हणून सगळी नावं शोधायची झाली तर 'फाइंड' कमांडला '-सेमफाइल' हा पर्याय देऊन डिरेक्टऱ्या धुंडाळाव्या लागतात.

४) अनलिंक: फाइल कधी संपते?

आता 'आरएम गुण' असं करा. 'गुण' हे नाव गेलं. 'कॅट निकाल' करा, मजकूर जागेवरच आहे. लिंक संख्या २ होती ती १ झाली.

नियम असा आहे: लिंक संख्या ० झाली आणि कोणत्याही चालू प्रोग्रामने ती फाइल उघडलेली नसली, तरच कर्नल तिचे ब्लॉक्स मोकळे करतो. दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. सातबाऱ्याचं उदाहरण इथे थांबतं, कारण सगळी नावं विसरली तरी जमीन कुठे जात नाही. फाइल मात्र जाते.

दुसऱ्या अटीचा अनुभव सर्व्हर सांभाळणाऱ्यांना नेहमी येतो. समजा एक लॉग फाइल फुगून डिस्क भरली. कुणीतरी ती 'आरएम'ने उडवली. तरी 'डीएफ' कमांड डिस्क भरलेलीच दाखवते, आणि 'डीयू'ने बेरीज केली तर एवढ्या मोठ्या फाइलचा पत्ता नाही. जागा गेली कुठे? ज्या प्रोग्रामने लॉग उघडून ठेवला आहे तो अजून चालूच आहे. नाव गेलं, पण फाइल जिवंत आहे, आणि प्रोग्राम तिच्यात आणखी लिहितोय. तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला, किंवा त्याला लॉग नव्याने उघडायला लावलं, की जागा मोकळी होते. अशा बिननावाच्या उघड्या फाइली 'एलएसओएफ' कमांडने शोधता येतात.

५) कर्नल कधी नकार देतो?

प्रोग्राम लिहिताना 'लिंक'ने काय परत केलं ते तपासायलाच हवं. महत्त्वाचे नकार असे:

ई-एक्झिस्ट: नवं नाव आधीच वापरात आहे. 'लिंक' कधीही जुन्या नावावर कुरघोडी करत नाही. हा गुण पुढे कामाला येणार आहे.

एक्स-डेव्ह: दोन्ही नावं वेगवेगळ्या फाइल सिस्टीमवर आहेत. गट क्रमांक ११२ अनेक गावांत असतो, गावाचं नाव सोडून नुसत्या क्रमांकाला अर्थ नाही. आयनोड क्रमांकही एका फाइल सिस्टीमपुरताच खरा. डिरेक्टरीच्या ओळीत नुसता क्रमांक असतो, गाव नसतं. म्हणून एका पार्टिशनवरच्या फाइलला दुसऱ्या पार्टिशनवर हार्ड लिंक देता येत नाही.

ई-पर्म: परवानगी नाही, किंवा त्या फाइल सिस्टीमवर ही सोयच नाही. पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतं. त्यांत आयनोडची कल्पनाच नाही, त्यामुळे तिथे हार्ड लिंक होत नाही.

ई-एम-लिंक: नावांची मर्यादा संपली. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर एका फाइलला ६५,००० पर्यंत नावं असू शकतात, आधीच्या ईएक्सटी३ वर ३२,०००. विंडोजच्या एनटीएफएसवरही हार्ड लिंक होते, तिथे ही मर्यादा १,०२४ नावांची आहे.

सुरक्षेचा मुद्दाही इथे येतो. जुन्या पद्धतीत दुसऱ्याच्या फाइलला आपल्या डिरेक्टरीत नाव द्यायला त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागत नसे. त्यामुळे एखाद्या सदोष प्रोग्रामला आधीच दुसरं नाव देऊन ठेवलं, तर अॅडमिनने तो बदलल्यावरही जुना सदोष प्रोग्राम डिस्कवर टिकून राहायचा. २०१२ साली आलेल्या लिनक्स ३.६ पासून यावर निर्बंध घालणारी सोय कर्नलमध्ये आहे, आणि आजच्या बहुतेक डिस्ट्रिब्यूशनमध्ये ती चालू असते.

६) डिरेक्टरीला हार्ड लिंक का नाही?

विचार करा. 'अ' डिरेक्टरीच्या आत 'ब' आहे, आणि 'ब'च्या आत आपण 'अ'चंच दुसरं नाव ठेवलं. मग 'फाइंड' आत शिरला की अ, ब, अ, ब असा फिरतच राहील. दुसरी अडचण म्हणजे 'दोन टिंबं', म्हणजे वरची डिरेक्टरी. एका डिरेक्टरीला दोन पालक असतील तर दोन टिंबांनी कुणाकडे बोट दाखवायचं? तिसरी अडचण लिंक संख्येची. बाहेरची नावं काढली तरी असं चक्र एकमेकांना धरून राहतं, संख्या शून्यावर येतच नाही आणि जागा अडकून पडते.

म्हणून लिनक्सवर रूट वापरकर्त्यालाही डिरेक्टरीची हार्ड लिंक करता येत नाही. अॅपलने २००७ मध्ये टाइम मशीन या बॅकअपसाठी आपल्या एचएफएस प्लस फाइल सिस्टीममध्ये ही सोय खास केली होती, पण नंतरच्या एपीएफएसमध्ये ती ठेवली नाही.

तरीही ईएक्सटी४ वर नवी रिकामी डिरेक्टरी बनवलीत तर तिची लिंक संख्या २ दिसेल. एक तिचं वरच्या डिरेक्टरीतलं नाव आणि दुसरं तिच्या आतलं 'एक टिंब'. आत प्रत्येक उपडिरेक्टरी आली की तिच्या 'दोन टिंबां'मुळे ही संख्या एकाने वाढते. या लिंक कर्नल स्वतः करतो, तुम्हाला करू देत नाही.

७) उपयोग कुठे होतो?

फाइलचं नाव बदलणं: १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये 'रिनेम' हा स्वतंत्र कॉल आला. त्याआधी 'एमव्ही' कमांड नवं नाव लिंक करायची आणि मग जुनं नाव अनलिंक करायची. क्रम लक्षात घ्या: आधी जोडायचं, मग सोडायचं. मध्येच वीज गेली तर फाइलला दोन नावं राहतील, पण ती बिननावाची होणार नाही. अडचण होती ती नवं नाव आधीच वापरात असल्यास. तेव्हा आधी ते काढावं लागे, आणि मधल्या क्षणी त्या नावाची फाइलच नसे. 'रिनेम'ने ही फट बुजवली.

कुलूप लावणं: दोन प्रोग्राम एकाच वेळी एकाच कामावर येऊ नयेत म्हणून लॉक फाइल वापरतात. प्रत्येक प्रोग्राम आधी स्वतःच्या वेगळ्या नावाची फाइल बनवतो आणि मग तिला 'लॉक' हे दुसरं नाव देऊ पाहतो. नाव आहे का ते तपासणं आणि नाव लिहिणं ही दोन्ही कामं कर्नल एका दमात करतो, मध्ये कुणी शिरू शकत नाही. त्यामुळे एकालाच यश मिळतं आणि दुसऱ्याला ई-एक्झिस्ट. नेटवर्कवरच्या एनएफएसमध्ये यशाचं उत्तर वाटेत हरवू शकतं. म्हणून तिथे आपल्या फाइलची लिंक संख्या बघायची. ती २ झाली असेल तर कुलूप आपल्याच हातात आहे.

जागा वाचवणं: एकाच डिस्कवर 'गिट क्लोन' केलं तर गिट शक्य तिथे ऑब्जेक्ट फाइलींची कॉपी न करता हार्ड लिंक करतं. 'आरसिंक'मध्ये 'लिंक-डेस्ट' हा पर्याय आहे. त्यात रोजचा बॅकअप वेगळ्या डिरेक्टरीत पूर्ण दिसतो, पण न बदललेल्या फाइली कालच्या बॅकअपशी हार्ड लिंक केलेल्या असतात. जागा फक्त बदललेल्या फाइलींना लागते.

८) सावधान: हार्ड लिंक म्हणजे बॅकअप नव्हे

हा भाग दोनदा वाचा. समजा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी तुम्ही 'अहवाल' या फाइलला 'अहवाल-जपून' असं दुसरं नाव दिलंत आणि निर्धास्त झालात. चुकून 'आरएम अहवाल' झालं, तर वाचलात, कारण दुसरं नाव शिल्लक आहे. पण चुकून एखाद्या कमांडचं आउटपुट 'अहवाल'वर वळवलंत, तर मजकूर गेला, आणि 'अहवाल-जपून' उघडल्यावर तोच नासलेला मजकूर दिसेल. जपून ठेवण्यासाठी वेगळं काही नव्हतंच.

यात आणखी एक मेख आहे. काही प्रोग्राम सेव्ह करताना त्याच आयनोडमध्ये लिहितात. काही मात्र मजकूर नव्या फाइलमध्ये लिहून तिला जुनं नाव देतात. 'सेड'चा '-आय' पर्याय असंच करतो. दुसऱ्या पद्धतीत दोन नावांची जोडी तुटते आणि 'अहवाल-जपून'मध्ये जुना मजकूर राहतो. म्हणजे कोणत्या प्रोग्रामने सेव्ह केलं यावर तुमची सुटका अवलंबून! अशा भरवशावर वर्षभराचं काम ठेवू नये.

मग आरसिंकचा बॅकअप कसा चालतो? तिथे तुम्ही काम करता ती फाइल वेगळी असते, बॅकअपमधली वेगळी. शिवाय आरसिंक एरवी बदललेला मजकूर नव्या फाइलमध्ये लिहितो, म्हणून कालची प्रत शाबूत राहते. पण न बदललेल्या फाइलचे तीस दिवसांचे तीस बॅकअप दिसले तरी डिस्कवर ती एकच आहे. तो ब्लॉक खराब झाला तर तिसांच्या तीस गेल्या. म्हणून महत्त्वाच्या कामाची खरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच. ती 'सीपी'ने करा, आरसिंकने करा, पण मजकूर दुसरीकडे गेला पाहिजे.

९) सॉफ्ट लिंकशी फरक

सॉफ्ट लिंक ही स्वतंत्र छोटी फाइल असते, तिच्यात दुसऱ्या फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. 'वडाच्या शेताकडे जा' अशी चिठ्ठीच म्हणा. ती गावाबाहेरचाही पत्ता देऊ शकते, म्हणून दुसऱ्या पार्टिशनवर चालते, डिरेक्टरीलाही चालते. पण मूळ नाव काढलं की चिठ्ठी उरते आणि पत्त्यावर कुणी सापडत नाही. शिवाय सॉफ्ट लिंकमुळे मूळ फाइलची लिंक संख्या वाढत नाही.

सरावासाठी प्रश्न

१. एका फाइलला तीन नावं आहेत. दोन काढली. लिंक संख्या किती? मजकूर आहे की गेला?
२. १ जीबीच्या फाइलला त्याच डिरेक्टरीत दहा नावं दिली. 'डीयू' त्या डिरेक्टरीची एकूण जागा साधारण किती दाखवेल? करून पाहा आणि कारण लिहा.
३. 'गुण'ची एक हार्ड लिंक आणि एक सॉफ्ट लिंक बनवा. 'गुण' काढा. दोन्ही उघडून पाहा. आता 'गुण' नावाची नवी फाइल बनवून पुन्हा उघडा. काय बदललं?
४. सी किंवा पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहा: दोन नावं घ्या, लिंक करा, आणि नकार मिळाला तर कारण मराठीत छापा.

तिसरा प्रश्न वाचून सोडू नका, टर्मिनलवर करा. आधी उत्तराचा अंदाज वहीत लिहून ठेवा, मग कमांड द्या. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर पहिला भाग पुन्हा एकदा वाचा: नाव कुठे असतं आणि फाइल कुठे असते.